वेळ काढू नका, वार पाळा

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, यंदाच्या वार्षिक सभेत दोन ठराव आले. सभा संपली, पण त्यांच्यावरचं भांडण अजून चालू आहे. पहिला ठराव असा की रविवारची मराठी भक्ती, म्हणजे सामुदायिक उपासना, दोन तासांवरून एका तासावर आणावी. दुसरा असा की ऑक्टोबरातलं तीन दिवसांचं निवासी आध्यात्मिक शिबिर बंद करावं आणि त्याऐवजी तीन संध्याकाळी झूमवर प्रवचनं ठेवावीत. दोन्हींना कारण एकच दिलं होतं: लोकांना वेळ नाही. बेळगावात एकाच छताखाली आधी मराठी, मग कन्नड, मग इंग्रजी भक्ती चालवणाऱ्या मंडळ्यांना घड्याळाचा काच नवा नाही. आमचा आशीर्वाद व्हायच्या आत पुढच्या भक्तीची माणसं व्हरांड्यात येऊन थांबलेली असतात. तेव्हा ठराव आले याचं मला आश्चर्य वाटलं नाही. त्यांच्यावर वाद ज्या तऱ्हेने झाला, त्याची मात्र चीड आली.

वडीलधारे म्हणाले, तरुणांना मोबाईलला वेळ आहे, देवाला नाही. पहाटे चारला उठा, वेळ आपोआप मिळेल. तरुण म्हणाले, देव मनात असतो, प्रामाणिकपणे काम करणं हीच उपासना, आणि तीन दिवसांची रजा काय तुम्ही मंजूर करून देणार? दोघेही तावातावाने बोलत होते आणि एका गोष्टीवर दोघांचं नकळत एकमत होतं. ती गोष्ट अशी की वेळ ही ज्याची त्याची खाजगी मालमत्ता आहे. ज्याला श्रद्धा आहे तो ती देवासाठी खर्च करतो, ज्याला नाही तो करत नाही. मला हा पायाच चुकीचा वाटतो. आत्म्याला ताजेपणा यायला लागणारा वेळ एकेकट्या माणसाने काढायचा नसतो. तो सगळ्यांनी मिळून पाळायचा असतो, आणि तो कोणाच्या जिवावर पाळला जातो याचा हिशेबही सगळ्यांनीच ठेवायचा असतो. मराठीत ‘वेळ काढणं’ म्हणजे सवड करणं आणि ‘वेळ काढणं’ म्हणजे कसाबसा दिवस ढकलणं. एकाच शब्दाला हे दोन अर्थ उगाच चिकटलेले नाहीत.

पाळणं म्हणजे काय, हे आपल्याला शिकायला यरुशलेमला जावं लागत नाही. बेळगाव-खानापूर भागातल्या गावांत देवीची जत्रा जवळ आली की वार पाळणूक सुरू होते. पंच ठरवतात, दवंडी पिटली जाते, आणि त्या मंगळवारी किंवा शुक्रवारी शिवारात औत चालत नाही. सोमवारी बैल जुंपायचे नाहीत, हा नियम पाळणारी घरंही अजून आहेत. त्या दिवशी कोणी कोणाला विचारत नाही की बाबा रे, तुला सवड आहे का. कोणाची इच्छाशक्ती पणाला लागत नाही. शेजाऱ्याचं औत उभं आहे, म्हणून माझंही उभं राहू शकतं. तो पुढे जाईल आणि मी मागे राहीन, ही भीती त्या दिवसापुरती गावानेच काढून घेतलेली असते. देवीच्या वाराशी ख्रिस्ती माणसाचं काय, असं कोणी विचारेल. त्याने बायबलातल्या निर्गमाचा विसावा अध्याय उघडावा. शब्बाथाची, म्हणजे सातव्या दिवशीच्या विसाव्याची, आज्ञा एकट्याला उद्देशून थांबत नाही. तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरंढोरं, तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका, अशी ती यादी लांबत जाते. ही वार पाळणूकच आहे, बैलांसकट. (यादीत बायकोचा उल्लेख नाही. ‘तू’मध्ये ती आलीच, असं जाणकार सांगतात. आमच्या शिबिराचं स्वयंपाकघर पाहिल्यापासून मला या खुलाशाबद्दल शंका आहे. त्याकडे येतेच.)

तरुणांचा सगळ्यात वजनदार मुद्दा आधी घेते, कारण तो खोटा नाही. काम हीच उपासना. या मातीत तर हे वाक्य दोन भाषांतून उगवलं आहे. मराठीत सावता माळ्याने कांदा, मुळा, भाजी यांतच विठाई पाहिली. कन्नडात बाराव्या शतकातल्या शरणांनी, बसवण्णांच्या काळच्या संतांनी, ‘कायकवे कैलास’ म्हणजे काम हाच कैलास म्हटलं. येशूचा प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरत होता आणि त्याला त्याची लाज नव्हती. उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर उभा असलेला आमच्या मंडळीतला मुलगा एखादा भाग अचूक करून ठेवतो, तेव्हा तो देवाची सेवाच करत असतो, हे मी मनापासून मानते. पण ‘कायकवे कैलास’ ज्या आयदक्की मारय्याच्या वचनात येतं, त्याची गोष्ट आपण पुरती ऐकली आहे का? मारय्या सांडलेले तांदूळ वेचून शरणांना जेवू घालायचा. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले, तेव्हा त्याची बायको लक्कम्मा त्याच्यावरच उखडली. ही हाव कुठून आली, म्हणाली, आणि वरचे तांदूळ परत टाकून यायला लावले. त्या कायकाला एक रेघ होती: आजच्यापुरतं. बायबलात देव आपल्या लोकांना रानात रोज जे मान्ना नावाचं अन्न द्यायचा, त्याचा नियम हाच होता. जास्त साठवलेल्या मान्नात किडे पडले. शिवाय हेच शरण कल्याणला अनुभव मंटपात, म्हणजे आपल्या चर्चासभेत, एकत्र बसत होते, काम बाजूला ठेवून. काम हीच पूजा, असं माणूस स्वतःच्या कामाबद्दल म्हणतो तेव्हा ते वचन असतं. तेच वाक्य कामावर ठेवणाऱ्याच्या तोंडून आलं की सावध व्हावं.

कारण तेव्हा बोलणारा बहुतेक फारो असतो, इस्राएल लोकांना गुलाम करून विटा पाडायला लावणारा मिसरचा राजा. निर्गमाच्या पाचव्या अध्यायात त्या गुलामांचा पुढारी मोशे फारोकडे काय मागतो, हे आपण विसरतो. तिथे तो गुलामांची कायमची सुटका मागत नाही. तीन दिवसांची वाट चालून रानात देवाची उपासना करायला सोड, एवढंच त्याचं मागणं आहे. तीन दिवस, आमच्या शिबिराइतकेच. फारोचं उत्तर दोन शब्दांचं आहे: आळशी आहात. आणि मग हुकूम सुटतो की यापुढे पेंढा मिळणार नाही, तो तुम्हीच गोळा करा, विटांची संख्या मात्र एकानेही कमी होता कामा नये. आपल्या भागात वीटभट्टीवर राबणारी कुटुंबं ज्यांनी जवळून पाहिली आहेत, त्यांना हा अध्याय कोणी समजावून सांगायला नको. २०२३मध्ये आपल्याच राज्यातल्या नामवंत उद्योजकाने, नारायण मूर्तींनी, तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं सुचवलं. त्याच वर्षी कर्नाटकाने कारखाने कायद्यात दुरुस्ती करून १२ तासांच्या पाळीची वाट मोकळी केली. अशा वेळी मंडळीनेही आपणहून ‘लोकांना वेळ नाही’ असा ठराव करावा? वेळ नाही, की घेतला गेला आहे? आणि घेतला गेला असेल, तर पहाटे चारला उठा हा सल्ला आणि पेंढा तुमचा तुम्ही गोळा करा हा हुकूम, यांत अंतर किती?

आता दुसरा आक्षेप. माझ्या मते तोच सगळ्यात कठीण आहे, आणि तो सभेत कोणी मांडलाच नाही, कारण तो ज्यांचा आहे त्या सभेला येऊ शकल्या नव्हत्या. निपाणीकडे विडी वळणाऱ्या बाईला हजारामागे मजुरी मिळते. वार पाळला तर त्या दिवशीच्या विड्या गेल्या, त्यांचे पैसे गेले. पगारी रजा असलेल्या माझ्यासारख्या शिक्षिकेने तिला विसाव्याचं महत्त्व सांगणं हा निर्लज्जपणा आहे. हे मी कबूल करते, आणि माझ्या बाजूचे बरेच लेख-प्रवचनं या जागी गुळमुळीत होतात हेही कबूल करते. पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? विसावा ही सुखवस्तूंची चैन आहे, हा? मुंबईच्या गिरण्यांत मजुरांना ठरलेली सुट्टी नव्हती, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे यांनी हा निष्कर्ष काढला नाही. १८८४पासून ते त्या मागणीसाठी झटत होते. १८९०च्या मोठ्या सभेत स्त्री कामगारांनीही भाषणं केली, आणि त्याच वर्षी १० जूनला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे सत्यशोधक होते. रविवार हा खंडोबाचा वार, हेही कारण त्यांनी पुढे केल्याचं सांगितलं जातं. आपल्याकडे रविवार मिशनऱ्यांनी आणला असं आपण अभिमानाने सांगतो. साहेबाच्या कचेरीपुरतं ते खरं असेल. मजुराच्या घरात तो जोतीरावांच्या अनुयायाने नेला, आणि जेजुरीचा भंडारा लावून नेला. गरिबाला विसावा परवडत नाही म्हणून त्याला प्रवचन ऐकवायचं, हा एक मार्ग. त्याला तो परवडेल अशी व्यवस्था मागायची, हा लोखंड्यांचा मार्ग. मान्नाच्या गोष्टीतही देवाने सहाव्या दिवशी दुप्पट दिलं आणि मग सातव्या दिवशी थांबा म्हटलं. आधी थांबा आणि मग उपाशी राहा, असं नाही. आमच्या मंडळीत सहाव्या दिवसाचं दुप्पट कोण देणार? शिबिराच्या मांडवाला, ध्वनिक्षेपकाला आणि बाहेरगावच्या वक्त्याच्या प्रवासाला खर्च होतो. त्या रकमेतून विडी वळणाऱ्या आणि रोजंदारीवरच्या किती जणींची तीन दिवसांची मजुरी भरून निघेल, हा हिशेब मी सभेत मागितला. तो अजून आलेला नाही.

तिसरा आक्षेप लवकर आटोपते. ठरवलेली वेळ कोरड्या रिवाजात जमा होते, येशूने स्वतः शब्बाथाचे नियम मोडले. खरं आहे. पण त्याने ते कोणासाठी मोडले, ते पाहा: वाळलेल्या हाताचा माणूस, अठरा वर्षं वाकलेली बाई, भुकेले शिष्य. शब्बाथ माणसासाठी झाला, असं तो म्हणाला. शब्बाथाऐवजी कामावर जा, असं म्हणाल्याचं माझ्या वाचनात नाही.

झूमबद्दलही न्यायाने बोलायला हवं. २०२०च्या टाळेबंदीत फोनवरूनच भक्ती चालली. अंथरुणाला खिळलेल्या आमच्या काही वृद्धांना त्यानंतरही तीच सोय आहे, आणि ती राहायलाच हवी. पण शिबिराची जागा ती घेईल काय? बायबलातला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवाने त्याला प्रवचन दिलं नाही. झोपू दिलं. उठवून निखाऱ्यांवरची भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. मग चाळीस दिवसांची वाट, मग होरेब डोंगर, वारा, भूकंप, अग्नी, आणि सगळ्यांच्या शेवटी तो मंद स्वर. या क्रमातली झोप आणि भाकर गाळून थेट मंद स्वर ऐकायचा, आणि तोही कुकरची शिट्टी होत असताना, असा झूमचा बेत आहे. आंबोळीचं पीठ तासाभरात आंबत नाही, कितीही घाई असली तरी.

तर मग मी शिबिराच्या बाजूची, असं वडीलधाऱ्यांना वाटलं. तसं नाही. आजवर झालेल्या शिबिरांतली तीन मी स्वयंपाकघरात काढली आहेत. दीडशे-दोनशे माणसांचा नाश्ता, जेवण, चहा, पुन्हा जेवण. पुढे सभागृहात वक्ते ‘प्रभूच्या चरणी शांत बसा’ सांगत होते आणि मागे आम्ही कांदा चिरत ते ध्वनिक्षेपकावरून ऐकत होतो, अर्धंमुर्धं. दुसऱ्या दिवशीचा विषय येशू ज्यांच्या घरी पाहुणा आला त्या बहिणी, मार्था आणि मरिया, हा होता. मार्था कामात कशी गुरफटली, मरियेने उत्तम वाटा कसा निवडला, हे वक्त्यांनी पाऊण तास रंगवून सांगितलं. मग बाहेर येऊन विचारलं, बाई, जेवायला अजून किती वेळ? माझ्या शेजारी भाकऱ्या थापणारी बाई हसली नाही. मी हसले, आणि त्याची मला नंतर लाज वाटली. वर्षअखेरच्या अहवालात ‘सर्वांना आत्मिक ताजेपणा लाभला’ अशी ओळ छापून आली.

लूकच्या शुभवर्तमानातल्या त्या गोष्टीत येशू मार्थेला जेवण नको म्हणत नाही. ती पुष्कळ गोष्टींची काळजी करत दगदगते आहे, हे तो पाहतो, आणि मरियेला आत पाठवायला नकार देतो. त्या दिवशी पुढे पानं कोणी वाढली, हे लूक लिहीत नाही. आपण मात्र दोन हजार वर्षं गृहीत धरलं आहे की मार्थेनेच. पहाटे उठून एकांतात प्रार्थना करणाऱ्या येशूचा दाखला मार्कच्या पहिल्याच अध्यायातून दिला जातो. त्याच्या चार ओळी आधी पेत्राची सासू आहे, तापातून उठते आणि लगेच त्यांची सेवा करू लागते. पहाटेची गोष्ट ऐकवणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या घरात पहाटेचा चहा कोण ठेवतं? माणसाच्या एकांताला बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाचे तरी हात लागतात. ते हात पाहायचे नाहीत असं ठरवलं, की मग उरतो तो फक्त शिस्तीचा प्रश्न, आणि शिस्त लावणं फार सोपं असतं, विशेषतः दुसऱ्याला.

सभेत मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींचंही नाव निघालं. बेळगावात निघणारच. लंडन मिशन ही मिशनरी संस्था इथे १८२०मध्ये आली, बाबा इथे १८३१मध्ये जन्मले, इथल्याच मिशनच्या शाळेत शिकले आणि १८५४मध्ये त्यांचा बाप्तिस्माही इथेच झाला. शंभरावर पुस्तकं लिहून त्यांना प्रार्थनेला वेळ होता, तुम्हाला का नाही, असा सवाल एका ज्येष्ठांनी टाकला. बाबांबद्दल मला अतोनात आदर आहे. पण ते पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, होते आणि पुढचं आयुष्य त्यांनी ख्रिस्ती पुस्तकं लिहिण्या-संपादण्यात घालवलं. प्रार्थना, वाचन, चिंतन हा त्यांच्या कामाचा भाग होता. रात्रपाळी करून आलेल्या फाउंड्रीतल्या मुलाशी त्यांची तुलना करणं दोघांवरही अन्याय आहे. मातृदिनाच्या रविवारी सांगितली जाणारी सुझाना वेस्लीची गोष्टही अशीच अर्धी सांगतात. घर मुलांनी भरलेलं, एकांताला खोली नाही, म्हणून ती एप्रन डोक्यावर ओढून प्रार्थना करायची. वा, काय शिस्त! पण त्या गोष्टीतला खरा चमत्कार एप्रनच्या बाहेर आहे: डोक्यावर कापड दिसलं की त्या घरातली सगळी मुलं गप्प राहायची. घराने तो वेळ पाळला, म्हणून तिला मिळाला.

तिच्या मुलाने, जॉन वेस्लीने, उभ्या केलेल्या मेथडिस्ट चळवळीतला जिवंत भागही मला हाच वाटतो. १७४२मध्ये ब्रिस्टलला इमारतीचं कर्ज फेडायचं होतं. बारा-बारा जणांचे गट पाडले, आणि प्रत्येक गटाच्या पुढाऱ्याने घरोघर जाऊन आठवड्याला एक पेनी जमा करायची असं ठरलं. पुढारी पेनीसाठी दार वाजवू लागले आणि आत काय चाललं आहे ते त्यांना दिसू लागलं. कोण दारूत बुडालाय, कोण आजारी, कोणाच्या घरात भांडण. कर्जवसुलीतून आत्म्याची विचारपूस जन्मली. आपल्याकडे १९०५मध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे उज्जीवन, म्हणजे आध्यात्मिक जागृती, झालं, तेही निवांत बसलेल्या माणसांत झालेलं नाही. दुष्काळातून वाचवून आणलेल्या शेकडो बायका-मुली, शेती, विणकाम, छापखाना, आणि त्या धबडग्यात रोज एकत्र प्रार्थना करणारा बायकांचा गट. रमाबाईंनी त्यांना एकेकटीने पहाटे उठा असं सांगून सोडून दिलं नाही. त्या संस्थेचा दिवसच तसा लावलेला होता.

आपल्या शिवारात यासाठी शब्द तयार आहे: पैरा. आज मी तुझ्या रानात रोप लावायला येते, परवा तू माझ्या रानात ये. पैशाची देवघेव नाही, पण पैरा फेडावा लागतो, आणि न फेडणाऱ्याला गाव ओळखून असतं. ठरावांऐवजी मी सभेत पैऱ्याची सूचना मांडली. मंडळीतली आठ-दहा घरं मिळून एक गट. महिन्यातून एका रविवारी एका घरातल्या बाईला पूर्ण दिवस मोकळा. तिची मुलं, तिचे सासू-सासरे, तिची चूल दुसरी दोन घरं सांभाळतील. ज्याची रविवारी पाळी आहे त्याच्यासाठी कारखान्यातल्या दुसऱ्या सहकाऱ्याशी अदलाबदल, आणि त्याच्या सणाला, दिवाळी-गणपतीला, आपल्या माणसाने त्याची पाळी करून पैरा फेडायचा. खानापूरकडे रोप लावणीच्या दिवसांत भक्ती रविवारीच हवी, असा आग्रह सोडून पाळकसाहेबांनी आठवड्यातल्या पावसाच्या उघडिपीकडे पाहून गावातच बसावं. शिबिर तीन दिवसांचंच, निवासी, पण वक्ता एकच, प्रवचनं निम्मी, दुपारी झोप सक्तीची. आणि स्वयंपाकघरात बायका नाहीत.

शेवटच्या वाक्यावर सभागृहात बराच वेळ कुजबुज चालली. एकाने विचारलं, केटरिंगचा खर्च कुठून आणायचा? दुसरा म्हणाला, मग जेवण करणार कोण? पाळकसाहेब माझ्याकडे पाहत होते आणि मी मुद्दाम गप्प राहिले. मग मागच्या बाकावरून, सैन्यात नोकरी करून निवृत्त झालेले आणि सभेत कधीच न बोलणारे एक काका उठले. म्हणाले, तीन दिवस आमटी-भात खायची सगळ्यांची तयारी असेल तर मी करतो, पण कांदा चिरायला मला चार पुरुष द्या. आत्तापर्यंत दोन नावं आली आहेत.